बिनपिस्टनची गाडी आणि दोन जावई

माझा साडू वाईट माणूस नाही. त्याच्याबद्दल माझी मुख्य तक्रार हीच आहे.

वाईट असता तर सोपं झालं असतं. चारचौघांत नावं ठेवता आली असती, लग्नकार्यात एकमेकांकडे पाठ करून जेवता आलं असतं. पण सुधाकर पडला देवमाणूस. श्रीरामपूरला त्याचं शेतीपंपांच्या जळालेल्या मोटरी दुरुस्त करायचं दुकान आहे. हसतमुख, अंगानं ऐसपैस, आणि सासुरवाडीला गेला की मागून मागून जेवणारा. असा जावई सासूला किती प्रिय असतो, हे मी इतकी वर्षं शेजारच्या ताटावर बसून पाहतो आहे. मी दोन पोळ्यांत आटोपतो. आक्का (म्हणजे आमच्या सासूबाई) माझ्या ताटाकडे बघून सुस्कारा टाकतात आणि सुधाकरच्या ताटात तूप टाकतात.

माझं नगरला चष्म्यांचं दुकान आहे. (गावाचं नाव आता अहिल्यानगर झालंय. पण स्टँडवर कंडक्टर अजून 'नगर, नगर' असंच ओरडतो, आणि मीही तेवढ्यावरच धावतो.) सासुरवाडी कोल्हारची. सासरे, म्हणजे अण्णा, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना दोन मुली. थोरली वंदना माझी बायको, धाकटी शोभा सुधाकरची. म्हणजे मी थोरला जावई. थोरल्या जावयाला पहिला टिळा, पहिलं ताट, पहिला आहेर. हे काही मी ठरवलेलं नाही, तसं शास्त्रच आहे. (कुठल्या ग्रंथात, ते विचारू नये.)

तर अण्णांकडे एक मोटरसायकल होती. फार वर्षांपूर्वी जगभर भटकायला निघालेला एक गोरा पाहुणा कोल्हारच्या पुलाजवळ तिच्यासकट बंद पडला. अण्णांनी त्याला घरी ठेवून घेतलं, पिठलं-भाकरी खाऊ घातली. शेवटी तो कंटाळून गाडी अण्णांना देऊन एसटीनं निघून गेला. (कागदपत्रांचं काय झालं, हा प्रश्न आमच्या घरात विचारत नाहीत.) अण्णांनी ती खटपट करून चालू केली, काही वर्षं कालव्याच्या रस्त्यानं मिरवली, आणि मग ती पुन्हा बंद पडली ती कायमची. तेव्हापासून गोठ्यात ताडपत्रीखाली उभी. कोंबड्या सीटवर अंडी घालायच्या.

गाडी जपानी, आणि रोटरी इंजिनची. आता हे रोटरी म्हणजे काय, ते मला तरी कुठं ठाऊक होतं. मला ती फक्त कोंबड्यांची गाडी म्हणून ठाऊक होती. तिच्यावर माझा जीव वगैरे अजिबात नव्हता. तो एका रविवारी जडला.

त्या दिवशी वंदना फोन ठेवून म्हणाली, "अण्णांनी गाडी सुधाकररावांना दिली."

"कुठली गाडी?"

"गोठ्यातली. दुरुस्त करायला दिली. टेम्पो येऊन घेऊनसुद्धा गेला."

मी पेपरची घडी घातली. मग ती पुन्हा उघडली.

"मला विचारलं नाही ते?"

"तुम्हाला काय विचारायचं? स्कूटर मेन स्टँडला लावायची तर तुम्ही वॉचमनला हाक मारता."

"प्रश्न स्टँडचा नाही, मानाचा आहे. थोरला जावई कोण?"

"मग फोन करा अण्णांना. सांगा, मलापण एक भंगार पाहिजे."

बायकोशी मानापमानावर बोलू नये. त्यांना माहेरचा मान तेवढा कळतो.

त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी सुधाकरला 'सहज' फोन करू लागलो. आणि तो देवमाणूस रोज मला सगळा अहवाल देऊ लागला.

"दादा, आज इंजिन खोललं. आत पिस्टनच न्हाई ओ."

"नाही?" माझ्या आवाजातला आनंद मला लपवता आला नाही. "चोरीला गेला असेल. गोठ्याला कडी कुठं होती?"

"तसं न्हाई. ह्याच्यात पिस्टन नसतोच म्हनं."

मी चष्म्याचं दुकान उघडं टाकून मोबाईलवर रोटरी इंजिनाचे व्हिडिओ बघू लागलो. सगळ्यात चांगला व्हिडिओ एका जपानी म्हाताऱ्याचा होता. तो पूर्ण जपानीत बोलत होता, पण हातवारे आपल्यासारखेच. त्यावरून मला कळलं ते असं : साध्या गाडीत पिस्टन खाली-वर, खाली-वर करतो. हिच्यात त्याच्या जागी एक लोखंडी त्रिकोण असतो, थेट समोशासारखा, आणि तो एका चेपलेल्या डब्यात गरागरा फिरतो. समोशाच्या तिन्ही टोकांना पट्ट्या असतात. त्या झिजल्या की इंजिनाचा दम जातो. सुधाकरनं नेमक्या त्या पट्ट्या परदेशातून मागवल्या, बसवल्या, आणि समोशाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. अण्णांनी खाली लिहिलं, 'शाब्बास सुधाकरराव.' आणि दोन जोडलेले हात.

मी दुकानाची नवी पाटी लावली होती, तेव्हा अण्णांनी मला नुसता अंगठा पाठवला होता.

पुढे दोन दिवस मला जेवण गेलं नाही. म्हणजे एकूण चार पोळ्यांचा फरक पडला. आणि तिसऱ्या दिवशी सुधाकरचा स्वतःहून फोन.

"दादा, एक काम हुतं. ह्याचा कार्बोरेटर लई नाजूक हाय. केसाएवढी भोकं. माझा हात म्हंजे मोटरीचा हात, उगं काहीतरी तोडून बसायचो. तुमचं बारीक स्क्रूचं रोजचं काम. तुमी बघता का?"

बघा. भांडायला गेलो तर हा माणूस पाट मांडून देतो. त्याच्या मोठ्या मनाचा मला इतका संताप आला की मी तत्काळ हो म्हणालो.

कार्बोरेटर श्रीरामपूरहून एसटीनं आला. मी तो दुकानात चष्म्यांच्या काउंटरवर खोलला. चष्मे धुवायचं माझ्याकडे एक छोटं यंत्र आहे, पाण्यात थरथर करून कानाकोपऱ्यातली घाण काढतं. त्यात कार्बोरेटरचे भाग टाकले. वर्षानुवर्षांचा काळा थर असा सुटला की काय सांगू. कार्बोरेटर चांदीच्या समईसारखा दिसायला लागला. मग त्याच यंत्रात मी गिऱ्हाइकांचे चष्मे धुतले. एक आजोबा नवा चष्मा लावून आरशापुढे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "दिसतंय झकास. पण पेट्रोल पंपावर उभा असल्यासारखं का वाटतंय?"

मी कार्बोरेटरचा फोटो ग्रुपवर टाकला. अण्णांनी जोडलेले हात पाठवले, आणि वर एक फूल. सुधाकरला शाब्बासकी आणि हात होते, पण फूल मला. मी ते वंदनाला दाखवलं.

ती म्हणाली, "चुकून बोट लागलं असेल."

आता गाडीचं इंजिन झालं सुधाकरचं आणि कार्बोरेटर झाला माझा. एवढ्यात आला धोंड्याचा महिना. अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला घरी बोलवायचं, पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे करून खाऊ घालायचे, नवे कपडे करायचे, आणि मुख्य म्हणजे त्याचं मन अजिबात मोडायचं नाही. यंदाचा धोंडा ऐन आंब्याच्या दिवसांत आला, म्हणून वर आमरस.

अण्णांनी दोघांना फोन करून सांगितलं, "धोंड्याला या. गाडी पण आणा. इथंच चालू करू. जो तिला पहिल्यासारखी करील, गाडी त्याची."

मी तुम्हाला शपथेवर सांगतो, मला गाडी नको होती. आमच्या बिल्डिंगमध्ये ती लावायला जागासुद्धा नाही. मला फक्त अण्णांच्या तोंडून, आक्कांच्या देखत, सुधाकरच्या शेजारी बसून, एकदा ऐकायचं होतं : 'हे थोरल्यांनी केलं.' बस. एवढ्यासाठी मी रात्री झोपेतसुद्धा कार्बोरेटरची भोकं साफ करत होतो.

कोल्हारला पोचलो तर अंगणात टेम्पोतून उतरलेली गाडी. सुधाकरनं तिला असा रंग मारला होता की मी तिच्याकडे बघितलंच नाही. (नंतर सगळे आत गेल्यावर बघितलं. फार सुरेख होता.) आक्कांनी पाय धुतले, टिळा लावला, दोघांना पांढरेशुभ्र शर्ट दिले आणि ते तिथंच घालायला लावले. मग ताटं. मी आयुष्यात पहिल्यांदा सुधाकरच्या बरोबरीनं धोंडे खायचं ठरवलं. चौथ्याला डोळ्यांपुढे अंधारी आली. तो सातव्यावर होता आणि शोभाला विचारत होता, "तळायचे ऱ्हायलेत का अजून?"

जेवण झाल्यावर अंगणात गाडीभोवती सगळे जमले. मी कार्बोरेटर बसवला. सुधाकरनं बटण दाबलं. गाडी खोकली, शिंकली, निळा धूर सोडला आणि चालू झाली. एकदम. गोठ्यातल्या कोंबड्या हंबरल्यासारख्या ओरडल्या. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. (वंदना म्हणते, धुरानं.)

पण चालू होणं वेगळं आणि रेस लागणं वेगळं. रेस लावायला, म्हणजे उभ्या गाडीचा ठेका ठरवायला, कार्बोरेटरला एक स्क्रू असतो. सुधाकरनं तो फिरवून आवाज खाली आणला. गाडी समाधानानं गुरगुरायला लागली.

"हा बरोबर हाय," तो म्हणाला.

"जरा थांबा," मी म्हणालो. कार्बोरेटर माझा होता.

मी माझ्या पद्धतीनं सुरुवात केली. दुकानात डोळे तपासताना मी गिऱ्हाइकासमोर एक भिंग धरतो, मग दुसरं, आणि विचारतो. तसंच मी स्क्रू थोडा फिरवला. "अण्णा, हा आवाज बरा, की आधीचा?"

अण्णा म्हणाले, "दोन्ही छान."

मी पुन्हा फिरवला. "आता? हा की मघाचा?"

"हापण छान."

"अण्णा, एकच सांगायचं असतं."

अण्णांनी सुधाकरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग आक्कांकडे बघितलं. आक्कांनी डोळे वटारले. धोंड्याच्या महिन्यात एका जावयाला बरोबर म्हणायचं तर दुसऱ्याला चूक म्हणावं लागणार, आणि नारायण चुकत नसतो. अण्णा खोल आवाजात म्हणाले, "दोघांचंही छान आहे."

मग जे सुरू झालं त्याला ट्यूनिंग म्हणतात की नाही, मला माहीत नाही. मी पाणी प्यायला गेलो की सुधाकर स्क्रू त्याच्या जागी न्यायचा. तो हात धुवायला गेला की मी माझ्या जागी. तेवढ्यात आक्का टॉवेल घेऊन यायच्या, "जावईबापू, हात काळे करू नगा, नारायनाचे हात हायत ते," म्हणून दोघांचे हात पुसून जायच्या. गाडी बिचारी कधी गुणगुणायची, कधी किंचाळायची.

शेवटी शोभा वैतागून म्हणाली, "दाजी, हे काय चालवलंय? ह्यांचं निम्मं घ्या आन् तुमचं निम्मं घ्या."

सगळ्यांना ते पटलं. स्क्रू दोघांच्या बरोबर मधोमध लावला. आता गाडी असा आवाज काढू लागली, जणू तिला आम्हा दोघांचीही घृणा आली आहे.

"एक चक्कर मारून या," अण्णा म्हणाले. "रस्त्यावरच कळतं खरं."

"दादा, तुमी मारा," सुधाकर म्हणाला. "थोरले तुमी."

इतकं बोलून तो मागच्या सीटवर बसला. मी एकटाच गेलो तर वाटेत स्क्रू फिरवीन, हे त्याला माहीत होतं. देवमाणूस असला तरी मोटरीवाला होता.

मी पुढे बसलो. अंगात पांढरा शर्ट, कपाळाला टिळा, पोटात चार धोंडे. गिअर टाकला. आणि गाडी निघाली. कोल्हारच्या गल्लीतून आम्ही दोन नारायण असे गेलो की ओट्यावरच्या म्हाताऱ्यांनी टोप्या सावरल्या. वेग आल्यावर आवाज मऊ, थरथर नाही, नुसती धार. त्या क्षणी मला सुधाकरचासुद्धा राग येईना. कालव्याचा रस्ता लागला. मी म्हटलं आता जरा हळू करावं, म्हणून रेस सोडली.

साध्या गाडीत रेस सोडली की इंजिनच गाडीला थोडं मागं ओढतं. ह्या इंजिनात तशी पद्धत नाही. समोसा आपला फिरत राहतो. त्यातून मधोमध लावलेला स्क्रू. रेस सोडल्यावर गाडीनं सायलेन्सरमधून फाट्कन असा बार काढला की बांधावरची बाई खुरपं टाकून खाली बसली, आणि गाडी होती त्याच वेगानं पुढे चालत राहिली. पुढे चारीचं, म्हणजे शेतात पाणी नेणाऱ्या पाटाचं, वळण.

"दादा, ब्रेक," मागून सुधाकर.

मी लिव्हर दाबला. लिव्हर हँडलला येऊन टेकला. गाडीला काही कळलं नाही.

"ब्रेक लागत नाहीत. कसे केलेत तुम्ही?"

"मी?"

"मग कुणी?"

"दादा, मला वाटलं ब्रेक तुमी बघितले."

"मी कार्बोरेटर केला."

"मी इंजिन केलं."

"मग ब्रेक?"

मला पायाखाली मागचा ब्रेक सापडला, तोही आम्हा दोघांपैकी कुणाचाच नव्हता. एवढे महिने आम्ही दोघांनी मिळून गाडी पुढे जाण्याची जी व्यवस्था केली होती ती अत्यंत उत्तम होती. थांबण्याची व्यवस्था कुणाच्याही वाट्याला आली नव्हती. कारण ब्रेकच्या फोटोला कोण फूल पाठवतो?

वळण आलं. आम्ही वळलो नाही. चारी ओलांडून गाडी नुकतंच पाणी भरलेल्या उसात शिरली, बरीच आत गेली, आणि चिखलात सावकाश आडवी झाली. सुधाकर खाली, मी त्याच्या वर. तो अंगानं ऐसपैस, म्हणून मला खरचटलंसुद्धा नाही. गाडी चिखलात पडल्यापडल्या चालूच होती.

सुधाकर उताणा पडून उसाच्या पात्यांतून वर बघत होता. म्हणाला, "दादा, खरं सांगू? मला तुमचा लई हेवा वाटतो."

मला वाटलं, डोक्याला मार लागला.

"अण्णा सारखं तुमचंच सांगतेत. थोरले असे, थोरले तसे. डोळे तपासतेत, शिकलेले हायत. म्हनून मी ही गाडी मागून घेतली. म्हटलं एकदा तरी म्हनतील, धाकट्यानं केलं."

मी इतक्या वर्षांत एवढा सुखी कधी झालो नव्हतो. उसाच्या सरीत, चिखलात, पांढऱ्या शर्टाचा राखाडी झालेला, पण सुखी. त्याच्या छातीवरून उठताना मात्र लक्षात आलं : मी हे सगळं पोटात ठेवून बसलो आणि त्यानं सांगून टाकलं. म्हणजे हेव्यातसुद्धा हाच मोठ्या मनाचा ठरला. मग मी माझं काही बोललो नाही. म्हणालो, "चला, उठा."

तो उठेना. त्याचा हात मोडला होता.

तो संपूर्ण उजवा हात प्लास्टरमध्ये गेला, आणि माझं दुर्दैव तिथून सुरू झालं. सुधाकरला हलवायचं नाही म्हणून त्याला कोल्हारलाच ठेवून घेतलं. आक्का त्याला स्वतःच्या हातानं आमरस भरवू लागल्या. गाव बघायला येऊ लागलं. येईल त्याला अण्णा सांगायचे, "थोरल्यांना वाचवलं ह्यांनी. स्वतः खाली पडले, त्यांना वर घेतलं." मी शेजारीच खुर्चीवर बसलेलो असायचो, एकही ओरखडा नसलेला, आणि गाव माझ्याकडे असं बघायचं की मी वर पडलो ही माझी चूक होती.

वंदनानं मला एकदा ओट्याच्या पायऱ्यांपाशी पकडलं.

"काय बघताय वाकून?"

"काही नाही. एवढ्या उंचीवरून पडलं तर हात मोडतो का, ते."

"मोडतो," ती म्हणाली. "पण आमरस संपलाय."

गाडी अण्णांनी सुधाकरला दिली. सगळ्यांसमोर दिली. म्हणाले, "हात गेला बिचाऱ्याचा." अधिक महिना संपल्यावर मी धीर करून फोन केला.

"अण्णा, आता महिना संपला. आता खरं सांगायला हरकत नाही. आवाज कुणाचा बरोबर होता?"

"कुणाचाच नाही," अण्णा शांतपणे म्हणाले. "दोघांनीही पार बिघडवली. पण जावयाला सांगायचं कसं?"

आता सुधाकरचा हात प्लास्टरमध्ये, गाडीत चिखल, आणि त्याचं लक्ष लागेना. म्हणून श्रीरामपूरला परतल्यावर त्यानं फोन केला, "दादा, तुमच्याशिवाय कोन करनार?" आणि मी विरघळलो. तेव्हापासून दर रविवारी मी दुकान बंद ठेवून श्रीरामपूरला जातो. तो फळीवर बसून चहा पितो. मी खाली गुडघे टेकून त्याची गाडी साफ करतो. ब्रेक आधी केले.

परवा एक जण दुकानापुढे थांबला. म्हणाला, "मिस्त्री, माझीबी बघता का जरा?"

सुधाकर घाईनं म्हणाला, "अवो, मिस्त्री न्हाईत ते. आमचे साडू हायत. नगरला लई मोठं दुकान हाय त्यांचं."

"आसं व्हय. मग ते सोडून हितं काय करतेत?"

मला चांगलं खरमरीत उत्तर द्यायचं होतं. पण वर मान केली आणि माझं लक्ष त्याच्या मोटरसायकलकडे गेलं. जुनीच, पण काय ठेवली होती. टाकीत माझं तोंड दिसत होतं, आणि त्या तोंडावरचा हेवा बघूनच मला कळलं की आता पुढचे काही रविवार, ह्या टाकीचं गुपित काढायला, मला ह्या माणसाच्या घरचा पत्ता शोधण्यात घालवावे लागणार आहेत.